नाशिकचे बापू नाडकर्णी

खेळाचा इतिहास मोठा हात राखून लिहिला जातो. ज्या माणसानें आयुष्याचीं पंधरा-वीस वर्षें मैदानावर वेंचलीं, त्याच्या वांट्यास पुष्कळदां एकच ओळ येते आणि त्या ओळींत एकच आंकडा असतो. ब्रॅडमन म्हटलें कीं ९९.९४ ही सरासरी आठवते. जिम लेकर म्हटलें कीं १९५६ सालीं मँचेस्टर येथें एकाच कसोटी सामन्यांत त्यानें घेतलेले १९ बळी आठवतात. नाशिक येथें जन्मलेले रमेशचंद्र गंगाराम ऊर्फ बापू नाडकर्णी यांच्या वांट्यास आलेला आंकडा २१ हा आहे. १९६४ सालच्या जानेवारींत मद्रास येथें इंग्लंडविरुद्ध त्यांनीं लागोपाठ २१ षटकें अशीं टाकलीं, कीं त्यांतील एकाहि चेंडूवर फलंदाजास धांव मिळाली नाहीं. सहा चेंडूंच्या षटकांचा हा विक्रम साठ वर्षें उलटून गेलीं तरी अबाधित आहे.

परंतु या आंकड्यांत एक विचित्र गोष्ट आहे. ब्रॅडमनचा आंकडा धांवांचा, लेकरचा बळींचा. दोहोंतहि कांहीं तरी घडलें. नाडकर्णींचा आंकडा मात्र कांहींहि न घडल्याचा आहे. त्या २१ षटकांत धांव निघाली नाहीं, तसा त्यांच्या चेंडूवर एकहि गडी बाद झाला नाहीं. म्हणून कोणी या विक्रमाचें कौतुक करतो, तर कोणी त्याला कंटाळवाण्या खेळाचा कळस म्हणतो. ४१ कसोटी सामने खेळलेल्या, ८८ बळी घेतलेल्या आणि १,४१४ धांवा काढलेल्या या खेळाडूची खरी किंमत त्या एका आंकड्यावरून ठरवावी काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे; आणि त्याचें उत्तर देण्यापूर्वीं त्यांची सारी कारकीर्द डोळ्यांखालून घातली पाहिजे.

बापूंचा जन्म ४ एप्रिल १९३३ चा. नाशिक हें गोदाकांठचें तीर्थक्षेत्र. पंचवटी, काळाराम मंदिर आणि बारा वर्षांनीं येणारा सिंहस्थ यांमुळें त्याचें नांव सर्व हिंदुस्थानांत पोहोंचलेलें. क्रिकेटच्या नकाशावर मात्र त्या काळीं नाशिकास ठळक स्थान नव्हतें. रेल्वेनें मुंबईस जाण्यास कांहीं तासच पुरत. पण क्रिकेटच्या व्यवहारांत नाशिक मुंबईचें नव्हे, पुण्याचें. रणजी करंडकाच्या स्पर्धेंत मुंबईचा संघ निराळा आणि महाराष्ट्राचा संघ निराळा, व महाराष्ट्राच्या संघाचें केंद्र पुणें येथें. ज्या 'गोल्फ क्लब' मैदानास आज हुतात्मा अनंत कान्हेरे यांचें नांव आहे, त्या नाशिकच्या मैदानावर रणजी सामने होऊं लागले ते पुष्कळ पुढें. त्यामुळें बापूंच्या पिढींतील होतकरू मुलास पुण्याची वाट धरण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

ती वाट कांहीं लहानसहान नव्हती. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला होता. १९४८ सालच्या डिसेंबरांत पुण्यास भाऊसाहेब निंबाळकर यांनीं काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धांवा केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ च्या उच्चांकास अवघ्या नऊ धांवा कमी असतां प्रतिपक्षानें सामना पुढें खेळण्याचें नाकारलें, आणि तो विक्रम हातचा गेला. धांवांचे डोंगर रचणाऱ्या या परंपरेंत बापूंचा प्रवेश झाला. १९५०-५१ सालीं ते पुणें विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठीय रोहिंटन बारिया स्पर्धेंत खेळले, आणि पुढच्याच हंगामांत महाराष्ट्राच्या संघांत आले. डाव्या हातानें फलंदाजी, डाव्याच हातानें संथ गोलंदाजी आणि फलंदाजाच्या अगदीं जवळ निर्भयपणें उभें राहून क्षेत्ररक्षण, असे तीन गुण त्यांच्या ठायीं एकवटले होते. मुंबईसारख्या बलाढ्य संघाविरुद्ध, मुंबईच्याच ब्रेबोर्न स्टेडियमवर, त्यांनीं आपलें पहिलें शतक काढलें. आरंभीं ते गोलंदाजाइतकेच फलंदाजहि होते, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण पुढें मद्रासच्या त्या २१ षटकांनीं ती झांकून टाकली.

कसोटी क्रिकेटमधील त्यांचा प्रवेश मात्र दुसऱ्याच्या रिकाम्या जागेवर झाला. डाव्या हाताचा संथ गोलंदाज म्हणजे विनू मंकड, हें समीकरण त्या काळीं इतकें पक्कें होतें, कीं दुसऱ्या कोणास तेथें वावच नव्हता. १९५५ सालच्या डिसेंबरांत न्यूझीलंडविरुद्धच्या दिल्लीच्या सामन्यांत मंकड यांस विश्रांति देण्यांत आली आणि बावीस वर्षांच्या बापूंना बोलावणें आलें. फिरोजशहा कोटल्याच्या निर्जीव खेळपट्टीवर न्यूझीलंडनें दोनच गडी गमावून ४५० धांवा केल्या. त्यांत बर्ट सट्क्लिफच्या नाबाद २३०. बापूंनीं त्या सामन्यांत ५७ षटकें टाकलीं आणि एकहि बळी मिळविला नाहीं. फलंदाजींत मात्र त्यांनीं नाबाद ६८ धांवा केल्या. पहिल्याच कसोटींत इतकें श्रम करून, नाबाद राहून, पुढील सामन्याच्या वेळीं ते संघाबाहेर झाले. कारण मंकड परत आले होते. त्याच मालिकेंतील मद्रासच्या सामन्यांत मंकड यांनीं २३१ धांवा काढल्या आणि पंकज रॉय यांच्याबरोबर पहिल्या जोडीसाठीं ४१३ धांवांची भागीदारी केली. अशा माणसाच्या छायेंत उभें राहून आपली पाळी येण्याची वाट पाहणें, हें बापूंच्या उमेदवारीचें स्वरूप होतें.

या उमेदवारीच्या काळांत त्यांनीं आपलें जें शस्त्र घांसून तयार केलें, तें अचूकतेचें. सरावाच्या वेळीं खेळपट्टीवर एक नाणें ठेवून त्यावर ते चेंडू टाकीत असत, ही त्यांच्याविषयींची गोष्ट सर्वश्रुत आहे. ती ऐकण्यास सोपी वाटते; पण त्यांत गोलंदाजीचें सारें शास्त्र सांठविलेलें आहे. चेंडूचा टप्पा थोडा पुढें पडला तर फलंदाज पाय पुढें टाकून तो टोलावतो; थोडा मागें पडला तर मागें सरून त्यास मनाजोगता फटका मारतां येतो. या दोहोंमध्यें हात-दीड हाताची अशी एक जागा असते, कीं तेथें पडलेल्या चेंडूस पुढें जावें कीं मागें राहावें याचा निर्णय फलंदाजास करवत नाहीं. यष्टींच्या रेषेंत, नेमक्या त्या जागीं, चेंडू पाडणें हें एकदां कोणासहि साधतें. दहा वेळां साधणें कठीण. आणि उन्हांत दिवसभर, चेंडूमागून चेंडू, त्याच जागीं पाडीत राहणें हें अभ्यासाचें काम आहे. बापूंचा चेंडू फारसा वळत नसे, फारशी उंचीहि घेत नसे. तो केवळ चुकत नसे.

या अभ्यासाचीं फळें १९६०-६१ च्या पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेंत दिसलीं. कानपूर येथें एका डावांत त्यांनीं ३२ षटकें टाकलीं. त्यांतील २४ निर्धाव, आणि दिलेल्या धांवा अवघ्या २३. दिल्ली येथें ३४ षटकें, पुन्हां २४ निर्धाव, धांवा २४ आणि बळी एक. परंतु त्या मालिकेची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. तिच्यांतील पांचहि सामने अनिर्णित राहिले. त्यापूर्वीं १९५४-५५ सालीं पाकिस्तानांत झालेल्या मालिकेंतील पांचहि सामने असेच निकालावांचून संपले होते. दोन नवीं राष्ट्रें समोरासमोर आलीं म्हणजे हरणें हें जिंकण्याहून अधिक मोठें होऊन बसतें, आणि मग दोन्ही बाजू प्रथम आपली तटबंदी पाहतात. भारतीय संघांत त्या वेळीं खऱ्या वेगवान गोलंदाजांचा तुटवडा होता. ज्याच्याजवळ शत्रूवर तुटून पडण्यास घोडदळ नाहीं, त्यानें किल्ला लढवावा हें ओघानेंच आलें. आणि नाडकर्णी हे त्या किल्ल्याचे भरंवशाचे बुरूज होते.

याच सुमारास ते महाराष्ट्र सोडून मुंबईच्या संघांत आले. मुंबई त्या वेळीं आपल्या वैभवाच्या शिखरावर होती. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत लागोपाठ पंधरा वर्षें रणजी करंडक तिनें दुसऱ्या कोणाकडे जाऊं दिला नाहीं. १९६०-६१ च्या हंगामांत दिल्लीविरुद्ध बापूंनीं नाबाद २८३ धांवा काढल्या. त्यांच्या आयुष्यांतील ही सर्वोच्च धांवसंख्या. प्रथम श्रेणीच्या १९१ सामन्यांत त्यांच्या एकंदर धांवा ८,८८० आणि बळी ५०० भरले. १४ शतकें आणि चाळिसाहून अधिक सरासरी ही फलंदाजाची मिळकत आहे. केवळ गोलंदाज म्हणून गणलेल्या माणसाची नव्हे.

येथें त्या काळच्या खेळाडूच्या चरितार्थाविषयींहि दोन शब्द सांगणें अवश्य आहे. आज क्रिकेट हा मोठ्या मिळकतीचा व्यवसाय झाला आहे; परंतु १९६० च्या सुमारास भारताचा कसोटी खेळाडूसुद्धां खेळावर प्रपंच चालवूं शकत नसे. पोटाची सोय एखाद्या बँकेच्या, रेल्वेच्या किंवा मोठ्या कंपनीच्या नोकरीनें होई. त्या मोबदल्यांत तो कंपनीच्या संघाकडूनहि खेळे. बापू असोसिएटेड सिमेंट कंपनींत नोकरीस होते. दिवसभर कचेरी, उरलेल्या वेळांत मैदान, आणि निवड झाली तर रजा, असा हा संसार. नाण्यावर चेंडू टाकण्याचा सराव यांतूनच वेळ काढून करावयाचा असे.

आतां मद्रासच्या सामन्याकडे वळूं. १० जानेवारी १९६४ रोजीं सुरू झालेल्या या कसोटींत भारताचे कर्णधार पतौडीचे नबाब होते. भारतानें सात गडी बाद ४५७ धांवांवर डाव सोडला. त्यांत बुधी कुंदरन यांच्या १९२ आणि विजय मांजरेकर यांच्या १०८. त्या दौऱ्यांत इंग्लंडच्या संघास पोटाच्या विकारांनीं फार छळलें, त्यामुळें विजयापेक्षां बचावाकडेच पाहुण्यांचें लक्ष होतें. तिसऱ्या दिवशीं ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन हे दोन फलंदाज खिळ्यासारखे उभे राहिले, आणि दुसऱ्या टोंकानें बापू गोलंदाजीस आले.

त्यांनीं त्या डावांत चार हप्त्यांनीं गोलंदाजी केली. पहिल्या हप्त्यांत तीन षटकें, तिन्ही निर्धाव. दुसऱ्यांत सात षटकें, पांच निर्धाव, दोन धांवा. तिसऱ्यांत १९ षटकें. त्यांतील १८ निर्धाव आणि धांव फक्त एक. चवथ्यांत तीन षटकें आणि दोन धांवा. सारी बेरीज ३२ षटकें, २७ निर्धाव, पांच धांवा, बळी शून्य. यांतच तीं लागोपाठचीं २१ निर्धाव षटकें आलीं. मागचे-पुढचे चेंडू धरून १३१ चेंडूंवर, सुमारें ११४ मिनिटें, त्यांच्या गोलंदाजीवर एकहि धांव निघाली नाहीं. चेंडूंच्या हिशोबानें याहून मोठा विक्रम दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफील्डचा. १९५६-५७ च्या हंगामांत डर्बन येथें इंग्लंडविरुद्धच त्यानें १३७ चेंडू निर्धाव टाकले, पण तेव्हां तेथें षटक आठ चेंडूंचें होतें. इंग्लंडचा तो डाव ३१७ धांवांवर आटोपला. पांच बळी चंदू बोर्डे यांस मिळाले. सामना अनिर्णित राहिला, आणि त्या मालिकेंतील पुढचे चारहि तसेच.

टाळी एका हातानें वाजत नाहीं, तसा असला विक्रमहि एकट्याच्या हातून होत नाहीं. बोलस आणि बॅरिंग्टन यांनीं जोखीम पत्करावयाची नाहीं असा निश्चय केला नसता, तर एखादा फटका उंच जाऊन चार धांवा तरी मिळाल्या असत्या, नाहीं तर गडी तरी बाद झाला असता. त्यांनीं दोन्ही टाळलें. म्हणून त्या दिवसाच्या कंटाळवाणेपणाचा सारा दोष बापूंच्या माथीं मारणें न्यायाचें नाहीं. तरीहि एक शंका उरतेच. धांव न देणें हें गोलंदाजाचें निम्मेंच काम आहे. उरलेलें निम्में म्हणजे गडी बाद करणें. पहिलें इतकें उत्तम साधतांना दुसऱ्याचा बळी तर जात नव्हता?

या शंकेचा विचार करतांना अमेरिकेंतील बेसबॉलच्या खेळाकडे पाहिलें म्हणजे बराच उजेड पडतो. त्या खेळांत चेंडू फेकणाऱ्यास 'पिचर' म्हणतात. क्रिकेटच्या गोलंदाजाप्रमाणेंच नेमक्या जागीं चेंडू नेणें हीच त्याची कसोटी. परंतु प्रतिपक्षास धांव मिळूं न देणें हा तेथें निर्विवाद पराक्रम मानला जातो, कारण बेसबॉलमध्यें ठराविक गडी बाद झाल्याखेरीज डाव पुढें सरकतच नाहीं. धांव रोखणें आणि गडी बाद करणें हीं तेथें एकाच नाण्याच्या दोन बाजू. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचा डॉन ड्रायस्डेल यानें १९६८ सालीं सलग अठ्ठावन्न डावांहून अधिक काळ प्रतिपक्षास धांव दिली नाहीं, आणि अमेरिकेनें त्याला डोक्यावर घेतलें. मात्र त्या वर्षीं चेंडू फेकणाऱ्यांचें वर्चस्व इतकें वाढलें, कीं धांवांवांचून प्रेक्षक कंटाळतील अशी भीति वाटून १९६९ पासून त्यांच्या उभें राहण्याच्या उंचवट्याची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणण्यांत आली. प्रेक्षकास धांवा हव्या असतात, हें सत्य दोन्ही खेळांस सारखेंच लागू आहे.

क्रिकेटमध्यें मात्र धांव रोखणें आणि गडी बाद करणें हीं दोन निराळीं कामें होऊं शकतात. पांच दिवसांचा सामना जिंकावयाचा तर प्रतिपक्षाचे वीस गडी बाद व्हावे लागतात. तेथें धांवांइतकाच वेळहि मोलाचा. येथें आंकडे स्वतःच बोलतात. नाडकर्णी यांनीं कसोटींत ९,१६५ चेंडू टाकून २,५५९ धांवा दिल्या; म्हणजे षटकामागें १.६७ धांवा. त्यांच्या काळांत याहून काटकसरी असा दीर्घकाळ गोलंदाजी केलेला खेळाडू म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा ट्रेव्हर गॉडार्ड. त्याचें प्रमाण १.६४. आजच्या वीस षटकांच्या सामन्यांत षटकामागें सात धांवा देणारासहि काटकसरी म्हणतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे १.६७ या संख्येचा अर्थ कळतो. पण आतां दुसरा हिशोब पाहावा. बापूंना एक बळी सरासरीनें २९ धांवांस पडला. त्यांच्यामागून त्यांच्या जागीं आलेले बिशनसिंग बेदी यांनाहि एक बळी जवळजवळ तितक्याच, म्हणजे २८.७१ धांवांस पडला. फरक वेळाचा. बेदींना एका बळीसाठीं सुमारें ८० चेंडू लागले, तर बापूंना १०४. बेदी चेंडू उंच देऊन फलंदाजास मोह घालीत, धांवा देऊन बळी विकत घेत. बापू मोह घालीत नसत. दोघांनींहि बळीची किंमत सारखीच मोजली. एकानें ती धांवांच्या नाण्यांत मोजली, दुसऱ्यानें वेळाच्या.

ही काटकसर संघाच्या उपयोगीं केव्हां पडे, आणि केव्हां वायां जाई, हें त्याच वर्षांतील दोन प्रसंगांवरून दिसून येतें. १९६४ च्या फेब्रुवारींत, मद्रासच्या विक्रमानंतर एक महिन्यानें, कानपूरच्या सामन्यांत इंग्लंडनें आठ बाद ५५९ धांवा केल्या. भारताचा पहिला डाव २६६ धांवांत संपला आणि फॉलोऑनची नामुष्की ओढवली. पराभव समोर दिसत होता. पहिल्या डावांत बापू नाबाद ५२ राहिले होते. दुसऱ्या डावांत ते पुन्हां खेळावयास आले आणि नाबाद १२२ धांवा करून परतले. सबंध सामन्यांत इंग्लंडच्या गोलंदाजांना त्यांना एकदांहि बाद करतां आलें नाहीं. भारतानें तीनच गडी गमावून ३४७ धांवा केल्या आणि सामना वांचला. कसोटींतील त्यांचें हें एकमेव शतक. मद्रासला त्यांनीं दुसऱ्यास धांव करूं दिली नाहीं, कानपूरला दुसऱ्यास आपला बळी घेऊं दिला नाहीं. दोन्हींच्या मुळाशीं स्वभाव एकच. पण कानपूरचा पराक्रम संघास तारून गेला, आणि लोकांच्या स्मरणांत राहिलें तें मद्रास.

दुसरा प्रसंग त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांतला, आणि तोहि मद्रासचाच. या वेळीं समोर बॉब सिम्प्सनचा ऑस्ट्रेलियन संघ होता. बापूंनीं पहिल्या डावांत ३१ धांवांत पांच आणि दुसऱ्या डावांत ९१ धांवांत सहा, असे एकूण ११ बळी घेतले. ज्यांना ते केवळ धांवा अडविणारे गोलंदाज वाटत होते, त्यांना हें सडेतोड उत्तर होतें. दुर्दैव असें, कीं भारतीय फलंदाजी कोसळली आणि सामना ऑस्ट्रेलियानें १३९ धांवांनीं जिंकला. पुढच्याच सामन्यांत, मुंबईस ब्रेबोर्न स्टेडियमवर, भारतानें दोन गडी राखून विजय मिळविला आणि मद्रासची भरपाई झाली. तरी एका कसोटींतील ११ बळी हे पराभवाच्या राखेखालीं गेले ते गेलेच. शून्य बळींचें मद्रास सर्वांस ठाऊक आहे. अकरा बळींचें मद्रास आठवावें लागतें.

यानंतर भारतीय गोलंदाजींत नवें युग उगवलें. चंद्रशेखर, प्रसन्न, वेंकटराघवन् आणि बेदी हे चौघे फिरकी गोलंदाज पुढें येऊं लागले. वय वाढलेल्या बापूंची जागा डळमळूं लागली. परंतु त्यांच्या कारकीर्दीचा शेवट, सुदैवानें, फार शोभिवंत झाला. १९६७-६८ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यावर पतौडींच्या नेतृत्वाखालीं जो संघ गेला, त्यांत पस्तिशीस टेंकलेले नाडकर्णी होते. भारत कसोटी क्रिकेट खेळूं लागल्यास तोंपर्यंत पस्तीस वर्षें झालीं होतीं. पण परदेशांत एकहि कसोटी जिंकलेली नव्हती. १९६८ सालच्या फेब्रुवारींत न्यूझीलंडमधील डनेडिन येथें तो पहिला विजय मिळाला. मालिका एक-एक अशी बरोबरींत असतां तिसरी कसोटी वेलिंग्टन येथें झाली. पहिल्या डावांत प्रसन्न यांनीं पांच गडी बाद केले. अजित वाडेकर यांनीं १४३ धांवांचें, त्यांच्या कसोटी जीवनांतील एकमेव, शतक काढलें. आणि दुसऱ्या डावांत बापूंनीं ४३ धांवांत सहा बळी घेतले. त्यांच्या साऱ्या कसोटी कारकीर्दींतील ही सर्वोत्तम गोलंदाजी. भारतानें आठ गडी राखून सामना जिंकला, आणि ऑकलंडचा पुढचा सामनाहि जिंकून मालिका ३-१ अशी खिशांत घातली. परदेशांत भारतानें जिंकलेली ही पहिलीच मालिका. ऑकलंडच्या सामन्यानंतर बापू पुन्हां कसोटी खेळले नाहींत.

वेलिंग्टनचा हा सामना त्या जुन्या शंकेचें समाधान करतो. एका टोंकास प्रसन्न यांच्यासारखा बळी टिपणारा गोलंदाज असला, म्हणजे दुसऱ्या टोंकाची अचूकता ही केवळ तटबंदी राहत नाहीं. धांव कोठूनच मिळेनाशी झाली कीं फलंदाज घाबरा होतो, चूक करतो, आणि बळी आपोआप हातीं येतो. १९६० च्या किंवा १९६४ च्या संघांत बापूंच्या जोडीस असें शस्त्र सतत नव्हतें. म्हणून त्यांची अचूकता किल्ल्याच्या कामीं आली. १९६८ च्या संघांत तें होतें. म्हणून तीच अचूकता चढाईच्या कामीं आली. गोलंदाज तोच, नाणें तेंच, टप्पा तोच; बदलली ती भोंवतालची सोबत.

निवृत्तीनंतरहि मैदानाशीं त्यांचा संबंध तुटला नाहीं. राष्ट्रीय निवड समितीवर त्यांनीं काम केलें, मुंबई क्रिकेट संघटनेचा कारभार पाहिला, आणि भारतीय संघाचे साहाय्यक व्यवस्थापक म्हणून परदेशचे दौरे केले. १९८१ सालच्या फेब्रुवारींत मेलबर्न येथें असाच एक बिकट प्रसंग आला. डेनिस लिलीच्या चेंडूवर पायचीत दिल्याचा निर्णय न पटून कर्णधार सुनील गावसकर संतापले आणि आपला जोडीदार चेतन चौहान यासहि बरोबर घेऊन मैदानाबाहेर निघाले. दोघेहि सीमारेषेबाहेर गेले असते तर सामना सोडून दिल्यासारखें झालें असतें. व्यवस्थापक दुराणी आणि त्यांचे साहाय्यक नाडकर्णी सीमारेषेपाशीं आडवे आले. गावसकर आंत गेले, पण चौहान परत खेळपट्टीवर पाठविले गेले. पुढें कपिलदेव यांनीं २८ धांवांत पांच बळी घेतले, ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धांवांत कोसळला, आणि जो सामना सोडून देण्याच्या बेतांत होता तो भारतानें ५९ धांवांनीं जिंकला. तरुण खेळाडूंना धीर देतांना बापूंच्या तोंडीं 'छोडो मत' हे शब्द नेहमीं असत, अशी आठवण गावसकर यांनीं त्यांच्या निधनानंतर सांगितली. १७ जानेवारी २०२० रोजीं, वयाच्या ८६ व्या वर्षीं, बापूंचें मुंबईस निधन झालें. मद्रासच्या त्या विक्रमाला त्याच आठवड्यांत छप्पन्न वर्षें पुरीं झालीं होतीं.

२१ हा आंकडा खोटा नाहीं. तो अपुरा आहे. त्यांत दिल्लीचीं ५७ निष्फळ षटकें नाहींत, कानपूरच्या दोन नाबाद खेळी नाहींत, पराभवांत विरलेले ११ बळी नाहींत, आणि वेलिंग्टनचे सहाहि नाहींत. या साऱ्यांतून जो माणूस दिसतो, तो दुसऱ्याच्या जागेवर संघांत आला, मिळेल तें काम कुरकुर न करतां करीत राहिला, आणि ज्या दिवशीं संघास त्याच्या कामाचा विजयासाठीं उपयोग करतां आला, त्या दिवशीं विजय मिळवून देऊन निघून गेला. नाशिकच्या मैदानावर आज जीं मुलें डाव्या हातानें चेंडू वळविण्याची खटपट करतात, त्यांना २१ षटकांची गोष्ट कोणी ना कोणी सांगतच असेल. तिच्या जोडीस वेलिंग्टनचीहि सांगितली पाहिजे. म्हणजे अचूकता हा गुण आहे कीं दोष, या प्रश्नाचें उत्तर त्यांना आपोआप सांपडेल.